संकलन : रेणू सलुजा

१/
१९८३ या एकाच वर्षात दोन हिंदी चित्रपट प्रदर्शित झाले. एकात दोन भाबडे छायाचित्रकार एका प्रेताला घेऊन शहरभर धावतात आणि प्रेक्षक हसून बेजार होतो. दुसऱ्यात मुंबईचा एक पोलीस उपनिरीक्षक आतल्या आत जळत जातो आणि प्रेक्षक सुन्न होऊन बाहेर पडतो. ‘जाने भी दो यारो’ आणि ‘अर्धसत्य’. दिग्दर्शक निराळे, लेखक निराळे, प्रकृती तर पूर्ण निराळी. दोहोंच्या श्रेयनामावलीत एक नाव मात्र समान आहे. संकलन : रेणू सलुजा. हा धागा त्या नावाविषयी.

२/
आधी शब्दाविषयी. इंग्रजीत या कामाला सर्रास ‘कट’ म्हणतात. त्यात कात्रीचा आवाज आहे. मराठीने निवडलेल्या शब्दात कात्री नाहीच. ओव्यांचे संकलन होते, लोककथांचे होते, पत्रांचे होते. विखुरलेले वेचून, पारखून एकत्र आणणे हा त्याचा अर्थ. तांदूळ निवडणारी बाई खडे बाजूला टाकते, पण तिचे लक्ष असते ताटातल्या तांदळाकडे. रेणू सलुजा यांची कारकीर्द पाहताना हा मराठी शब्द अधिक उपयोगी पडतो. काय कापले गेले ते कुणाला दिसत नाही; काय जुळून आले तेवढेच पडद्यावर उरते.

३/
हे काम समजून घेण्यासाठी थोडे गणित. ३५ मिलिमीटर फिल्मवर सेकंदाला २४ चौकटी धावतात. एका फुटात १६ चौकटी, मिनिटाला ९० फूट. म्हणजे सव्वादोन तासांचा चित्रपट सुमारे १२ हजार फूट लांब. चित्रीकरण मात्र याच्या कितीतरी पट झालेले असते : एकच प्रसंग अनेक कोनांतून, एकच वाक्य अनेक वेळा. त्या ढिगातून नेमका तुकडा निवडायचा, तो नेमक्या चौकटीवर सुरू करायचा आणि नेमक्या चौकटीवर सोडायचा. दोन-तीन चौकटी इकडे-तिकडे झाल्या, म्हणजे सेकंदाचा दहावा भाग, तरी विनोद फसतो किंवा हुंदका खोटा वाटतो.

४/
संगणक येण्यापूर्वी ही निवड हाताने होत असे. चित्राची पट्टी वेगळी आणि आवाजाची वेगळी. क्लॅपच्या ठोक्यावर दोन्ही जुळवायच्या. मग मूव्हिओला किंवा स्टीनबेक या यंत्रावर त्या पुढे-मागे फिरवायच्या, मेणाच्या पेन्सिलीने खूण करायची, तुकडा कापायचा आणि चिकटपट्टीने पुढच्याला सांधायचा. नको असलेले तुकडे टाकायचे नाहीत; प्रत्येकावर क्रमांक असतो, आणि उद्या त्यांतलाच एखादा लागू शकतो. शेवटी कडेचे क्रमांक जुळवून मूळ निगेटिव्ह कापली जाई. त्यानंतर माघार जवळजवळ नसे. अंधारी खोली, यंत्राची घरघर आणि गळ्यापर्यंत आलेली फिल्म, असे ते दिवस.

५/
सांध्याची ताकद रशियन दिग्दर्शक लेव्ह कुलेशॉव्ह यांनी मूकपटांच्या काळातच ओळखली होती. एका नटाचा तोच निर्विकार चेहरा त्यांनी कधी सूपच्या वाडग्याशी जोडला, कधी शवपेटीशी. चेहरा बदलला नाही. पाहणाऱ्याला मात्र त्यावर कधी भूक दिसली, कधी शोक. अर्थ दोन चित्रांच्या मधल्या जागेत तयार होतो, आणि ती जागा पडद्यावर नसतेच. संकलकाचे खरे कार्यक्षेत्र हे. म्हणूनच त्याच्या कामाविषयी बोलणे अवघड. अभिनय दाखवता येतो, गाणे गुणगुणता येते, सांधा मात्र चांगला असेल तर लक्षातच येत नाही.

६/
भारतात या अदृश्यतेची सुरुवात अगदी पहिल्या घरापासून होते. ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात प्रदर्शित झाला आणि दादासाहेब फाळके इतिहासात गेले. त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई कोऱ्या फिल्मला कडेने छिद्रे पाडत, रसायने कालवत, फिल्म धूत, चित्रीकरणात पांढऱ्या चादरी धरून उजेड परतवत आणि साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाकही करत. फिल्म जोडण्याच्या कामातही त्यांचा हात होता. आज त्यांच्याकडे देशातल्या पहिल्या स्त्री-तंत्रज्ञ म्हणून पाहिले जाते. त्या काळी तो सारा घरातल्या बाईने केलेला हातभार ठरला.

७/
जगभर थोडेफार असेच घडले. मूकपटांच्या काळात हॉलिवूडमध्ये फिल्म सांधणाऱ्या अनेक स्त्रिया होत्या, कारण ते शिवणकामासारखे, चिकाटीचे आणि बिनमानाचे काम समजले जाई. १९२९च्या ‘मॅन विथ अ मूव्ही कॅमेरा’ या रशियन चित्रपटात त्याची संकलक येलिझावेता स्विलोवा चक्क काम करताना दिसते. १९४०च्या ‘नॉर्थ वेस्ट माउंटेड पोलीस’साठी अ‍ॅन बॉकन्स यांना ऑस्कर मिळाले, संकलनाचे ऑस्कर मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. पण बोलपट आले, यंत्रे वाढली, कामाला प्रतिष्ठा आली आणि खुर्चीवर हळूहळू पुरुष बसले. सत्तरच्या दशकात मुंबईच्या मुख्य प्रवाहात संकलनाच्या मेजाशी स्त्री दिसणे दुर्मीळ होते.

८/
रेणू सलुजा यांचा जन्म ५ जुलै १९५२ रोजी दिल्लीत, एका पंजाबी कुटुंबात झाला. चित्रपट घरात अगदीच परका नव्हता. बहीण राधा सलुजा अभिनेत्री झाल्या, एम. जी. रामचंद्रन यांच्यासोबतच्या ‘इदयक्कनी’ या तमिळ चित्रपटाने दक्षिणेत त्यांचे नाव घरोघरी पोचवले. रेणू यांची ओढ पडद्यामागे होती. त्यांना दिग्दर्शिका व्हायचे होते. त्यासाठी त्या पुण्याला आल्या, आणि त्यांच्या आयुष्याचा पुढचा सगळा भाग महाराष्ट्रात गेला.

९/
पुण्यातली ती जागा मराठी माणसाला वेगळी सांगायला नको. १९२९ साली कोल्हापुरात स्थापन झालेली प्रभात फिल्म कंपनी १९३३ मध्ये पुण्याला आली. ‘संत तुकाराम’ जिथे घडला त्या आवारात, प्रभात बंद पडल्यावर, १९६० साली केंद्र सरकारने चित्रपट प्रशिक्षण संस्था सुरू केली. तीच आजची एफटीआयआय. रेणू सलुजा यांना दिग्दर्शनाच्या अभ्यासक्रमात प्रवेश मिळाला नाही. संकलनाला मिळाला. १९७६ मध्ये त्या पदवी घेऊन बाहेर पडल्या. हुकलेल्या प्रवेशाने हिंदी चित्रपटाला काय दिले, हे कळायला अजून सात वर्षे जायची होती.

१०/
त्या वर्षांतल्या संस्थेत कुंदन शाह होते, सईद मिर्झा होते, केतन मेहता होते, विधू विनोद चोप्रा होते. शेजारच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयातून जगभरचे चित्रपट त्यांच्यासमोर येत. चोप्रा यांच्या ‘मर्डर अ‍ॅट मंकी हिल’ या विद्यार्थिपटाचे संकलन रेणू यांनी केले. त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. चोप्रा आणि रेणू यांचा विवाह झाला. मग ही सगळी मंडळी मुंबईत आली. खिशात पैसे नव्हते, नटही बहुतेक रंगभूमीवरचे. प्रत्येकाला निराळा चित्रपट करायचा होता, आणि बहुतेकांचा निराळा चित्रपट शेवटी एकाच मेजावर येऊन पडत होता.

११/
सईद मिर्झांच्या ‘अल्बर्ट पिंटो को गुस्सा क्यों आता है’ (१९८०) पासून हे स्पष्ट दिसते. ख्रिस्ती मेकॅनिक अल्बर्ट गिऱ्हाइकांच्या भारी गाड्यांतून मिरवतो. गिरणी कामगार असलेला त्याचा बाप संपात उतरतो, आणि मुलाचा राग हळूहळू आपली दिशा बदलतो. ‘मोहन जोशी हाजिर हो!’ (१९८४) मध्ये भीष्म साहनींनी रंगवलेला म्हातारा भाडेकरू चाळीच्या दुरुस्तीसाठी मालकावर खटला भरतो. गिरण्या, चाळी, कोर्टाचे व्हरांडे असलेली मुंबई आता नकाशावरून बरीचशी पुसली गेली आहे. ऐंशीच्या दशकातले शहर अभ्यासणाऱ्याला ती या रिळांत सापडते, आणि तिची लय रेणू सलुजा यांनी ठरवलेली आहे.

१२/
आता ‘जाने भी दो यारो’. राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाचा पैसा, सात लाखांच्या आतला खर्च, दिग्दर्शक कुंदन शाह यांचा पहिलाच पूर्ण लांबीचा चित्रपट. विनोद आणि सुधीर हे दोन नायक, ज्यांची नावे चोप्रा आणि सुधीर मिश्रा या दोन सहकाऱ्यांवरून ठेवलेली, चुकून एका खुनाचे छायाचित्र काढतात. छायाचित्र मोठे करत गेल्यावर झुडपाआडची बंदूक दिसते. बागेचे नाव अंतोनियोनी पार्क. जाणकारांसाठी ‘ब्लो-अप’ला केलेला तो सलाम. एका चौकटीत दडलेले सत्य शोधणाऱ्या माणसांची ही गोष्ट एका संकलकाच्या हाती आली, हा योगायोग मजेदार आहे.

१३/
अडचण अशी की साहित्य बेसुमार होते. प्रसंगामागून प्रसंग, विनोदामागून विनोद, आणि प्रत्येकावर कुणाचा तरी जीव जडलेला. अनुपम खेर यांनी ‘डिस्को किलर’ नावाचे एक पूर्ण पात्र साकारले होते. प्रदर्शित चित्रपटात ते नाही. एकही चौकट नाही. एका तरुण नटाच्या उमेदीच्या काळातले अख्खे काम गेले. अशा निर्णयाची किंमत दिग्दर्शकाइतकीच संकलकाला कळते, कारण ते पात्र तिने दिवसचे दिवस यंत्रावर हलताना पाहिलेले असते. पण त्याच्या असण्याने बाकीची गोष्ट श्वास घेऊ शकत नसेल, तर ताटातून काय उचलायचे हे कुणीतरी ठरवावे लागते.

१४/
उरले ते काय, हे शेवटच्या महाभारताच्या प्रसंगात पाहावे. नाटक चालू आहे, डिमेलोचे प्रेत द्रौपदीच्या साडीत रंगमंचावर आहे, आणि ते पळवायला एकामागून एक माणसे नाटकात घुसताहेत. दुःशासनाच्या वेषात स्वतः चोप्रा. कुणाला संवाद ठाऊक नाहीत, आणि आंधळा धृतराष्ट्र मध्येमध्ये तोच एक प्रश्न विचारत राहतो. तो प्रश्न दर वेळी किती अंतराने यावा? लवकर आला तर कंटाळा, उशिरा आला तर विसर. पुन्हा पाहताना घड्याळ लावून पाहण्यासारखा हा प्रसंग आहे. गोंधळ पडद्यावरच्या माणसांचा आहे; प्रेक्षकाला मात्र क्षणभरही कळेनासे होत नाही की कोण कुठे आहे.

१५/
आणि मग तो हशा एकदम थांबतो. कैद्याच्या कपड्यांत रस्त्यावर आलेले दोघे प्रेक्षकांकडे पाहून गळ्यावरून हात फिरवतात. सत्याची लढाई हरलेली आहे, पूल कोसळलेला आहे, आणि गुन्हेगार सुखरूप आहेत. दोन तास हसवलेल्या प्रेक्षकाला या टोकावर आणायचे तर आधीच्या हसण्यातच कुठेतरी काटा ठेवावा लागतो. तो लेखनात आहे, अभिनयात आहे, आणि प्रत्येक विनोद फुटायच्या क्षणीच पुढे सरकणाऱ्या त्या संकलनातही आहे. टाळ्यांसाठी हा चित्रपट कुठे थांबत नाही.

१६/
त्याच वर्षीच्या ‘अर्धसत्य’ची गरज नेमकी उलट होती. मूळ कथा मराठी, श्री. दा. पानवलकरांची ‘सूर्य’, पटकथा विजय तेंडुलकरांची, दिग्दर्शन गोविंद निहलानींचे. अनंत वेलणकर कॅफेमध्ये ज्योत्स्नाने दिलेल्या पुस्तकातली दिलीप चित्रे यांची कविता वाचू लागतो. सुरुवात सहज, काहीशी चेष्टेची. वाचता वाचता ओम पुरींच्या चेहऱ्यावरून रक्त उतरत जाते. इथे मोह असतो तो समोर बसलेल्या स्मिता पाटील यांच्या प्रतिक्रियेकडे पुन्हा पुन्हा जाण्याचा. चित्रपट त्या चेहऱ्यावर थांबण्याचे धाडस करतो. कात्री खाली ठेवण्यालाही निर्णय लागतो, आणि तो निर्णय श्रेयनामावलीत त्याच एका शब्दाखाली मोडतो.

१७/
सदाशिव अमरापूरकरांचा रामा शेट्टी कुणाला आठवत नाही? मराठी रंगभूमीवरून आलेल्या या नटाला रूढ खलनायकासारखे ओरडावे लागत नाही. तो हळू बोलतो, मध्ये थांबतो, हसतो. ते थांबणे जपले गेले म्हणून भीती वाटते. घाईघाईने पुढच्या चित्रावर उडी मारली असती तर तो चारचौघांसारखा गुंड उरला असता. ओम पुरींना या भूमिकेसाठी सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. अभिनयाला मिळालेल्या प्रत्येक पुरस्कारात एक अलिखित वाटा त्या माणसाचा असतो, ज्याने अनेक प्रयत्नांतून हा एक प्रयत्न निवडला.

१८/
हे चित्रपट महाराष्ट्राच्या आतल्या भागात पोचले कसे? वर्धा जिल्ह्यातले सेलू घ्या. नागपूर–वर्धा रस्त्यावरचे, केळझर ओलांडले की लागणारे हे तालुक्याचे गाव. चित्रपट व्यवसायाच्या जुन्या नकाशात हा सारा भाग ‘सी. पी. बेरार’ वितरण क्षेत्रात मोडे. मोठ्या शहरांत फिरून झिजलेल्या प्रिंट लहान गावांच्या वाट्याला येत. फिल्म तुटली की यंत्रचालक खराब चौकटी कापून टोके पुन्हा सांधी. म्हणजे मुंबईत महिनोन्‌महिने तोललेल्या सांध्यावर वाटेत आणखी किती तरी अनामिक हात फिरत, आणि गावागावात किंचित निराळा चित्रपट दिसे.

१९/
‘जाने भी दो यारो’सारख्या चित्रपटाला तर ती वाटही फारशी मिळाली नाही. तिकीटबारीवर तो गाजला नव्हता. पण १९८४च्या सुमारास दूरदर्शनच्या लघुशक्ती प्रक्षेपकांचे जाळे देशभर झपाट्याने पसरले, आणि चित्रपटगृहात न भेटलेला प्रेक्षक या चित्रपटाला दूरचित्रवाणीवर भेटला. सेलूसारख्या गावांतला प्रेक्षक हा चित्रपट पहिल्यांदा पाहील, तो शेजारच्या घरी जमून, कृष्णधवल पडद्यावर. आकार आक्रसला, रंग गेले, आवाज खरखरला. लय तेवढी शाबूत राहिली, कारण ती सांध्यांत होती.

२०/
१९८९ साली चोप्रा यांचा ‘परिंदा’ आला. दादरच्या कबुतरखान्यापाशी करण आणि इन्स्पेक्टर प्रकाश हे बालपणीचे मित्र वर्षांनी भेटतात, आणि अण्णाच्या माणसांच्या गोळ्या सुटतात. कबुतरांचा थवा फडफडत उठतो. पंख, चेहरे, रक्त, लहानपणीची आठवण. सगळे इतक्या थोड्या वेळात, की डोळ्यांना काय दिसले हे मनाला नंतर उमगते. गोळीबार पूर्वीही पुष्कळ झाले होते. इथे हिंसा प्रेक्षणीय राहिली नाही, ती अंगावर आली. नाना पाटेकरांना या चित्रपटासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि रेणू सलुजा यांनाही. हा त्यांचा पहिला.

२१/
तोवर चोप्रा आणि रेणू यांचा विवाह संपला होता. कामाचा धागा मात्र तुटला नाही. ‘परिंदा’, ‘१९४२ : अ लव्ह स्टोरी’, त्यांच्या चित्रपटांचे संकलन त्या करत राहिल्या. पुढे त्यांनी सुधीर मिश्रा यांच्याशी विवाह केला आणि ‘धारावी’, ‘इस रात की सुबह नहीं’ हे त्यांचे चित्रपट सांधले. इतरांच्या खासगी आयुष्यावर इतिहासाने फार बोलू नये. एवढे मात्र नोंदवावे, की संकलकापुढे दिग्दर्शक आपल्या चुका उघड्या करतो. नाते बदलल्यावरही कुणी आपल्या चुका त्याच व्यक्तीकडे घेऊन येतो, तेव्हा तिच्या निवडीवरचा विश्वास कसा होता ते कळते.

२२/
चार राष्ट्रीय पुरस्कारांची यादी पाहावी :
‘परिंदा’ (१९८९) – विधू विनोद चोप्रा
‘धारावी’ (१९९१) – सुधीर मिश्रा
‘सरदार’ (१९९३) – केतन मेहता
‘गॉडमदर’ (१९९८) – विनय शुक्ला
वर्षे त्या त्या पुरस्कार-पर्वाची. चार चित्रपट, चार दिग्दर्शक. ‘धारावी’त टॅक्सीचालकाच्या स्वप्नांत माधुरी दीक्षित येते आणि पुढच्याच क्षणी झोपडपट्टीची गल्ली; ‘सरदार’ला तेंडुलकरांच्या पटकथेतले राजकीय वादविवाद पेलायचे आहेत. या चौघांत एक समान ‘शैली’ शोधायला गेले तर हाती काही लागत नाही. प्रत्येक चित्रपट आपल्याच दिग्दर्शकासारखा दिसतो. हीच त्यांची ओळख.

२३/
सर्वांत कठीण मेज बहुधा ‘बँडिट क्वीन’चे (१९९४) असावे. शेखर कपूर यांच्या या चित्रपटात फूलनवर झालेले अत्याचार दाखवायचे होते. असे दृश्य किती चौकटी टिकावे? कमी टिकले तर झालेला अन्याय सौम्य होतो. जास्त टिकले तर पाहणारा स्वतःच त्यात सामील होतो. खुद्द फूलनदेवींनी चित्रपटाला आक्षेप घेतला होता, वाद न्यायालयात गेला, आणि १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रदर्शनाचा मार्ग मोकळा केला. जिवंत स्त्रीच्या वेदनेवर चित्रपटाचा हक्क किती, हा प्रश्न मिटलेला नाही. पण संकलन म्हणजे निव्वळ तांत्रिक काम, असे मानणाऱ्याने तो एकदा स्वतःला विचारून पाहावा.

२४/
नव्वदीत त्यांच्या मेजाची व्याप्ती थक्क करणारी आहे. ‘कभी हाँ कभी ना’ची हुरहुर, सुभाष घईंचा भव्य ‘परदेस’, नागेश कुकुनूर यांचा लहानखुरा ‘रॉकफर्ड’, कमल हासन यांचा ‘हे राम’. समांतर आणि व्यावसायिक ही भिंत समीक्षकांनी बांधली होती. संकलनाच्या खोलीत ती नव्हती. याच काळात मेजही बदलले. फिल्मची जागा संगणकाने घेतली. पेन्सिल, चिकटपट्टी आणि टांगलेल्या पट्ट्या हळूहळू गेल्या, आणि माघार घेणे एका कळीवर आले. निवड मात्र तितकीच अवघड राहिली. शक्यता वाढल्यामुळे कदाचित थोडी अधिकच.

२५/
१६ ऑगस्ट २००० रोजी मुंबईत, कर्करोगाने, रेणू सलुजा यांचे निधन झाले. वय ४८. पुण्याच्या संस्थेतल्या माजी विद्यार्थ्यांच्या ‘ग्राफ्टी’ या संघटनेने पुढे त्यांच्यावर पुस्तक काढले. त्याचे शीर्षक ‘इनव्हिजिबल’, म्हणजे अदृश्य. दिग्दर्शिका होण्यासाठी पुण्यात आलेल्या मुलीने एकही कथाचित्रपट दिग्दर्शित केला नाही. पण पंचवीस वर्षांतल्या हिंदी चित्रपटाच्या एका मोठ्या तुकडीचे दिग्दर्शक तिच्या शेजारच्या खुर्चीत बसून घडले.

२६/
त्यांच्यानंतर आरती बजाज, दीपा भाटिया, बेला सहगल, नम्रता राव अशी नावे श्रेयनामावलीत येत राहिली. ‘कहानी’साठी नम्रता राव यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. आज संकलनाच्या खोलीत स्त्री दिसली तर कुणाला नवल वाटत नाही. सरस्वतीबाईंच्या हाताला नाव मिळाले नव्हते. रेणू सलुजा यांना नाव मिळाले, पण ते येते तेव्हा प्रेक्षक अजून खुर्ची शोधत असतो. या दोन टप्प्यांमधले अंतर सुमारे सत्तर वर्षांचे आहे.

२७/
इतिहास वाचणाऱ्यांना हे काम ओळखीचे वाटायला हवे. कागदांचा ढीग, एकाच घटनेच्या अनेक साक्षी, आणि त्यांतून काय ठेवायचे याचा निर्णय. सोडून दिलेल्या गोष्टी पुस्तकाच्या पानावर दिसत नाहीत. ‘डिस्को किलर’ही दिसत नाही. ‘अर्धसत्य’ आणि ‘जाने भी दो यारो’ सलग दोन रात्रींत पाहावेत. आधी गोष्टीसाठी. मग पुन्हा एकदा, फक्त एका प्रश्नासाठी : हे चित्र आत्ताच का संपले? उत्तर बहुतेक वेळा सापडणार नाही. जिथे सापडेल तिथे, अंधाऱ्या खोलीत पेन्सिलीने खूण करणारा एक हात क्षणभर दिसेल.